श्वसनविकारांवरच्या संशोधनाचा ट्रेंड कसा काढायचा: फुकट साधनं, आलेखातले खड्डे आणि सायटेशनचा हिशोब

थेसिसचा सिनॉप्सिस जमा करायचे दिवस जवळ आले की रेस्पिरेटरी मेडिसिनचे रेसिडेंट एक प्रश्न हमखास विचारतात. अमुक आजारावर जगात किती पेपर येतात, भारतातून किती येतात, सायटेशन (दुसऱ्या पेपरांनी घेतलेले संदर्भ) कुणाला मिळतात, असं काहीतरी बिब्लिओमेट्रिक (पेपर आणि संदर्भ मोजणारं) केलं तर चालेल का, म्हणजे पेशंट गोळा करायला नको, फॉलोअपला फोन करत बसायला नको. थेसिस म्हणून चालेल की नाही ते तुमचा गाइड आणि युनिव्हर्सिटी ठरवणार, त्यामुळे ते आधी विचारून घ्या. पण स्वतंत्र पेपर म्हणून नक्की करता येतं, आणि नीट केलं तर चांगलं होतं. अडचण एवढीच की ते वाईट करणं फारच सोपं आहे. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसमध्ये एक शब्द टाकला की डाव्या बाजूला वर्षवार काड्यांचा आलेख तयार मिळतो आणि तो जवळजवळ प्रत्येक विषयाचा वरच जातो. दमा घ्या, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) घ्या, नाकातला पॉलिप घ्या, सगळ्यांचा वर. मग खाली लिहायचं की या विषयातली संशोधकांची रुची वाढत आहे. हे वाक्य मला इतक्या ड्राफ्टमध्ये सापडलंय की आता पेन आपोआप तिथे जाऊन काट मारतं.

म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय. लागणारं सगळं फुकट आहे. एक लॅपटॉप, एक्सेल आणि चिकाटी असली की झालं. सर्च स्ट्रिंग इथे मराठीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.

पहिली पायरी: प्रश्न असा हवा की उत्तर "नाही" पण येऊ शकेल

"श्वसनविकार संशोधनातील कल" हा प्रश्न नाही, ते शीर्षक झालं. प्रश्न कसा असतो ते एका उदाहरणावर बघू आणि तेच उदाहरण बरंचसं पुढेपर्यंत चालवू.

हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस घ्या, म्हणजे पक्ष्यांची विष्ठा-पिसं, बुरशी असली धूळ श्वासात जाऊन फुप्फुसाला येणारी ॲलर्जीची सूज. मुंबई-पुण्यात कबुतरांवरून एवढी भांडणं चालतात त्यामुळे हा आजार आता डॉक्टर नसलेल्यांनाही ऐकून माहिती झालाय. २०१७ मध्ये भारताच्या आयएलडी (फुप्फुसाच्या जाळीला सूज येणारे, वण पडणारे आजार) रजिस्ट्रीचे निकाल अमेरिकन जर्नल ऑफ रेस्पिरेटरी अँड क्रिटिकल केअर मेडिसिनमध्ये आले. २७ केंद्रं, १,०८४ पेशंट, आणि त्यातले ४७.३ टक्के हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे. पाश्चात्त्य रजिस्ट्रींमध्ये आयपीएफ (कारण न सापडणारा, फुप्फुसात वण पडत जाणारा आयएलडी) वरचढ असतो, इथे चित्र उलटं, आणि संशयाची सुई बऱ्याच अंशी एअर कूलरकडे. त्यावर वादही झाला. आता प्रश्न विचारता येतो: २०१७ नंतर भारतातून या आजारावर येणाऱ्या पेपरांचं प्रमाण, आयएलडीवरच्या एकूण भारतीय पेपरांच्या तुलनेत, खरंच बदललं का? याचं उत्तर "हो" येईल किंवा "नाही" येईल, आणि दोन्ही उत्तरं छापण्यालायक आहेत.

दुसऱ्या प्रकारचा चांगला प्रश्न म्हणजे आजाराचा भार आणि संशोधन यांचा मेळ. २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये राज्यवार आकडेवारी आली होती, त्यात जगाच्या १८ टक्के लोकसंख्या भारतात पण जुनाट श्वसनविकारांमुळे वाया जाणाऱ्या आयुष्यवर्षांपैकी ३२ टक्के भारतातली, असं होतं. मग सीओपीडीवरच्या जगातल्या पेपरांपैकी आपले किती टक्के? आणि त्यातले चुलीच्या धुरावर किती, सिगारेटवर किती? पुण्यातून संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर रिव्ह्यू लिहिला होता, तो दुभाजक धरून आधी-नंतर बघता येईल.

दुसरी पायरी: डेटाबेस एकच पकडा

पबमेड फुकट आहे, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं आहे, साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. पेपर मोजायला उत्तम. सायटेशनचा हिशोब मात्र त्यात धड नाही.

वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस ही दोन पैसेवाली घरं. पहिल्याचं मूळ युजीन गारफिल्डच्या फिलाडेल्फियातल्या संस्थेत, १९६४ चा सायन्स सायटेशन इंडेक्स. आता ते क्लॅरिव्हेटकडे आहे. स्कोपस एल्सेव्हियरचं, २००४ पासून. तुमच्या कॉलेजात यातलं काय आहे ते लायब्ररियनला विचारा. सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना २०२५ पासून सुरू झालीय खरी, पण ती मुख्यतः जर्नल वाचण्यासाठी, सायटेशन डेटाबेस ही वेगळी गोष्ट, आपल्याला मिळतंच असं धरून चालू नका.

गुगल स्कॉलर कुणाचा पेपर कुठे सायटेट झाला हे चटकन बघायला छान, ट्रेंड काढायला अजिबात नको. त्यात थेसिस, प्रीप्रिंट, कुणाच्यातरी कॉलेजच्या साइटवरची पीडीएफ असं सगळं मोजलं जातं आणि नीट गाळणी लावता येत नाही.

फुकटातला दमदार पर्याय म्हणजे ओपनॲलेक्स, २०२२ मध्ये सुरू झालं, मायक्रोसॉफ्टचा ॲकॅडमिक ग्राफ बंद पडला त्याच्या जागी आलं. देश-संस्था पत्त्यांत चुका सापडतात पण सगळा डेटा खुला आहे. आणि एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट, त्याबद्दल खाली सविस्तर, कारण आपल्याकडे त्याचा वापर फारच कमी होतो.

नियम एकच, एका पेपरात एकच डेटाबेस. पेपरची संख्या एकीकडून आणि सायटेशन दुसरीकडून घ्यायचे असतील तर दोन्हींत तोच पेपर ओळखता आला पाहिजे, म्हणजे पीएमआयडी (पबमेडचा नंबर) किंवा डीओआय (पेपरचा कायमचा डिजिटल नंबर) हवा. त्याच पेपरला तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे दिसतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

तिसरी पायरी: सर्च स्ट्रिंग, इथेच सगळं काम

माझं ऐकाल तर एकूण वेळेतला अर्धा इथे घाला.

पबमेडमध्ये मेश नावाची ठरावीक विषयशब्दांची उतरंड आहे. वरचा शब्द घेतला की खालचे सगळे आपोआप येतात. "रेस्पिरेटरी ट्रॅक्ट डिसीजेस" असा मोठा मेश शब्द घेऊन "श्वसनविकार" मोजले असं समजणारे बरेच असतात, पण त्याच्या पोटात फुप्फुसाचा कॅन्सर आहे, पल्मोनरी एम्बोलिझम आहे, क्षय आहे, सिस्टिक फायब्रोसिस आहे, नाकाचे आजार आहेत आणि कोविडसुद्धा आहे. हे सगळं तुम्हाला हवंय का? हवं असेल तर तसं लिहा, नको असेल तर मेशच्या झाडावर जाऊन एकेक फांदी बघून निवडा. पाच मिनिटांचं काम, पण फार कमी जण करतात.

आपल्या उदाहरणात मेशचा अधिकृत शब्द "ॲल्व्हिओलायटिस, एक्स्ट्रिन्सिक ॲलर्जिक" असा जुन्या वळणाचा आहे, त्याच्या खाली बर्ड फॅन्सियर्स लंग आणि फार्मर्स लंग. नुसत्या मेशवर अवलंबून राहायचं नाही, शीर्षक-सारांशातले शब्दही "ऑर" लावून जोडायचे: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, एक्स्ट्रिन्सिक ॲलर्जिक ॲल्व्हिओलायटिस, पिजन ब्रीडर्स लंग, आणि हो, बगॅसोसिस. साखर कारखान्यातल्या बुरशी धरलेल्या बगॅसच्या धुळीने होणारा हा त्याच कुटुंबातला आजार, जुने पेपर याच नावाखाली असतात आणि ऊस पिकवणाऱ्या देशाचा ट्रेंड काढताना ते विसरून कसं चालेल. बिसिनोसिस मात्र यात घालू नका, कापूस गिरण्यांच्या धुळीचा तो आजार वेगळा, गिरणगावावरचे जुने पेपर वाचायला कितीही आवडले तरी.

संक्षेपांपासून सावध. "एचपी" म्हणून शोधलंत तर अर्धं पोट भरून हेलिकोबॅक्टर पायलोरी येईल. तेच "सीएफ", "पीई", "आयपीएफ" यांचं, प्रत्येक संक्षेप कुठल्यातरी दुसऱ्या खात्यातही राबत असतो. संक्षेप वापरायचाच तर सोबत फुप्फुसाचा एखादा शब्द "अँड" लावून बांधा.

आणि काळाबरोबर नावं बदलतात. आज ज्याला आयपीएफ म्हणतो तो ब्रिटिश पेपरांत बरीच वर्षं क्रिप्टोजेनिक फायब्रोसिंग ॲल्व्हिओलायटिस होता. सीओपीडीच्या जागी सीओएडी होतं, क्रॉनिक ब्राँकायटिस आणि एम्फिसिमा वेगवेगळे लिहायचे. आजचंच नाव टाकून १९७० पासूनचा आलेख काढला तर आजार जणू १९९० मध्ये जन्मला असं दिसतं. तो आजाराचा ट्रेंड नाही, नावाचा आहे.

स्ट्रिंग झाली की ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये जाऊन पबमेडने तुमच्या शब्दांचं आतल्या आत काय केलं ते उघडून बघा, ते स्वतःहून बरेच शब्द जोडत असतं. मग दोन चाचण्या. एक, या विषयातले तुम्हाला माहीत असलेले पंधरा-वीस महत्त्वाचे पेपर आधीच लिहून ठेवा आणि ते सगळे सापडतात का बघा, एखादा निसटला तर का निसटला ते शोधा. दोन, आलेल्यांतले शंभर पेपर रँडम काढून शीर्षकं वाचा, विषयाबाहेरचे किती ते मोजा. दहाच्या वर असतील तर स्ट्रिंग परत घट्ट करा. हे दोन्ही आकडे पेपरात लिहिले की रिव्ह्यूअरचा निम्मा विरोध तिथेच मावळतो.

स्ट्रिंग आणि तारीख एका टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. पबमेड रोज वाढतं, उद्या आकडा वेगळा येणार.

चौथी पायरी: वर्षवार आलेख, आणि त्यातले खड्डे

निकालाच्या डावीकडच्या आलेखाची सीएसव्ही फाइल डाउनलोड होते. एक्सेलमध्ये उघडा. आता लगेच रेषा ओढू नका.

चालू वर्ष काढून टाका. अर्धवट वर्षाची काडी छोटी असणारच, त्यावरून "अलीकडे घट" लिहिलेले पेपर खरंच छापून आलेत.

दुसरं, ही बेरीज एकूण निकालापेक्षा जास्त येऊ शकते. कारण एखादा पेपर ऑनलाइन डिसेंबरात आणि छापील अंकात मार्चमध्ये आला तर पबमेडचा हा आलेख त्याला दोन्ही वर्षांत मोजतो. कच्च्या नजरेसाठी ठीक आहे, पण पेपरसाठी पूर्ण यादी एक्सपोर्ट करा आणि प्रत्येक पेपरला एकच वर्ष द्या. ऑनलाइनचं घ्या किंवा छापील, पण सगळ्यांना तोच नियम. एका वेळी १०,००० पर्यंतच नोंदी निघतात, जास्त असतील तर वर्षांचे तुकडे पाडून काढा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, छेद. समजा तुमच्या विषयाचे पेपर दहा वर्षांत १०० वरून २०० झाले. दुप्पट! चक्रवाढीने बघितलं तर वर्षाला साधारण ७.२ टक्के. पण त्याच काळात आयएलडीवरचे सगळे पेपर समजा ४०० वरून १,००० झाले, म्हणजे तुमच्या विषयाचा वाटा २५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर घसरला. पहिला आलेख "रुची वाढतेय" म्हणतो आणि दुसरा नेमकं उलट. म्हणून प्रत्येक वर्षाला दोन आकडे हवेत, विषयाचे पेपर आणि मोठ्या क्षेत्राचे पेपर, आणि आलेख भागाकाराचा काढायचा. मोठं क्षेत्र कुठलं घ्यायचं हे प्रश्नावरून ठरतं. आपल्या उदाहरणात भारतातले सगळे आयएलडी पेपर, कारण आयएलडी क्लिनिक वाढली, एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) सगळीकडे झाली, त्यामुळे सगळंच वाढलं, आणि आपल्याला बघायचंय की त्यात या एका आजाराचं पारडं जड झालं का.

पाचवी पायरी: देश मोजताना २०१४ ची पायरी

हे कुठे फारसं लिहिलेलं नसतं म्हणून जरा थांबून सांगतो.

पबमेडमध्ये लेखकांचे पत्ते १९८८ पासून आहेत, पण बरीच वर्षं फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवायचे. सगळ्या लेखकांचे पत्ते २०१४ च्या सुमारास यायला लागले. म्हणजे लंडनच्या पहिल्या लेखकाबरोबर चंदीगडचा चौथा लेखक असेल तर २००८ मध्ये तो पेपर "भारत" म्हणून सापडत नाही आणि २०१६ मध्ये सापडतो. आता पत्त्यात इंडिया टाकून आलेख काढा, २०१४ च्या आसपास एक सुरेख उडी दिसते आणि लोक तिला सरकारी धोरणापासून काय काय कारणं चिकटवतात! उपाय साधा आहे, संपूर्ण काळासाठी फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता धरा, किंवा अभ्यासच २०१५ पासून सुरू करा. आपल्या रजिस्ट्रीच्या प्रश्नात दुभाजक २०१७ चा, त्यामुळे आधीची वर्षं कमी पडतात, म्हणून पहिल्या लेखकाचा मार्ग बरा.

शिवाय काही जुन्या पत्त्यांत देशाचं नावच नसतं, नुसतं बॉम्बे किंवा पूना. शहरांची जुनी-नवी दोन्ही नावं घालून एकदा तपासा.

जर्नल डेटाबेसमध्ये कधी आलं हाही असाच छुपा घटक. इंडियन चेस्ट सोसायटीचं लंग इंडिया १९८२ पासून निघतंय, दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटशी जोडलेलं इंडियन जर्नल ऑफ चेस्ट डिसीजेस अँड अलाइड सायन्सेस त्याहून जुनं, इंडियन जर्नल ऑफ ट्युबरक्युलोसिस १९५३ पासून. पण प्रत्येकाची पबमेडमधली हजेरी वेगवेगळ्या वर्षापासून. एखादं जर्नल आत आलं की दुसऱ्या वर्षी देशाचा आकडा उडी मारतो, आणि छातीचे डॉक्टर मात्र पूर्वीइतकंच लिहीत असतात. नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या (एनएलएम) कॅटलॉगमध्ये प्रत्येक जर्नलचा इंडेक्सिंगचा काळ दिलेला असतो, तो बघून ठेवा. भारतीय जर्नल ऑनलाइन आणि खुली व्हायला मुंबईत सुरू झालेल्या मेडनोचा हात मोठा, पुढे २०११ मध्ये ती कंपनी वॉल्टर्स क्लुवरने घेतली.

मोठ्या आंतरराष्ट्रीय पेपरांचं काय? ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजसारख्या पेपरांत शेकडो लेखक, डझनावारी देश. प्रत्येक देशाला पूर्ण एक गुण दिला तर सगळ्यांचीच संख्या फुगते. अपूर्णांकाने मोजा, पाच देश असतील तर प्रत्येकाला ०.२. किंवा दोन्ही पद्धती करून फरक दाखवा, तो फरकच कधीकधी पेपरातला सगळ्यात वाचनीय भाग होतो.

सहावी पायरी: सायटेशन, फुकटात

पबमेडमधून निकालाची यादी "पीएमआयडी" फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, नुसते आकडे मिळतील. ते आयसाइटच्या पानावर चिकटवा. प्रत्येक पेपरचे सायटेशन, दरवर्षीचा वेग, आणि आरसीआर नावाचा एक आकडा मिळतो, सगळं डाउनलोड होतं. आरसीआर म्हणजे त्या पेपरची तुलना त्याच्याच क्षेत्रातल्या पेपरांशी. १ म्हणजे एनआयएचच्या पैशातून झालेल्या पेपरांच्या बरोबर मधोमध. मापदंड अमेरिकन आहे हे लक्षात ठेवा, तरी जुन्या-नव्या आणि वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या पेपरांची तुलना करायला नुसत्या सायटेशनपेक्षा कितीतरी बरा. त्यातच क्लिनिकल पेपरांनी किती वेळा संदर्भ घेतला तेही दिसतं, आपल्यासारख्या क्लिनिकल ब्रँचसाठी ते कामाचं.

सरासरी देऊ नका, मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या. सायटेशनची वाटणी फार वाकडी असते, दोन-चार पेपर हजारोंनी खातात आणि बाकीच्यांना पाच-दहा. सोबत शून्य सायटेशनवाले किती टक्के तेही द्या.

वय सारखं करा. २००५ च्या पेपरला वीसेक वर्षं मिळालीत, २०२२ च्याला मोजकीच. म्हणून प्रत्येकाचे पहिल्या तीन किंवा पाच वर्षांतलेच सायटेशन मोजायचे. आयसाइटच्या डाउनलोडमध्ये कुणी संदर्भ घेतला त्यांचे पीएमआयडी असतात, त्यांची वर्षं काढून हे जमतं. थोडी एक्सेलची मारामारी आहे, सुटका नाही.

आता टॉप शंभर सायटेट पेपरांची यादी, जी सगळ्यांनाच करायची असते. करा, पण तिथे कोण बसलंय ते नीट बघा. आमच्या ब्रँचमधले सगळ्यात जास्त संदर्भ घेतले जाणारे पेपर म्हणजे २००२ चं अमेरिकन थोरॅसिक सोसायटीचं सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीवरचं निवेदन, २००५ चं युरोपियन रेस्पिरेटरी जर्नलमधलं स्पायरोमेट्रीचं प्रमाणीकरण, २०१२ ची एआरडीएसची (फुप्फुसं एकाएकी निकामी होण्याची) बर्लिन व्याख्या, असले. कारण उघड आहे, कुणीही पेशंटला चालवलं की मेथड्समध्ये एक ओळ येते आणि एक सायटेशन पडतं. सायटेशन म्हणजे वापर, नवीन शोध असेलच असं नाही. त्यामुळे गाइडलाइन, व्याख्या आणि मोजमापाच्या पद्धती एका गटात, रिव्ह्यू दुसऱ्यात, मूळ संशोधन तिसऱ्यात अशा तीन वेगळ्या याद्या करा. एकत्र यादीतून वाचकाला काहीच कळत नाही.

आणखी एक फसगत. वेब ऑफ सायन्समध्ये "रेस्पिरेटरी सिस्टिम" नावाचा वर्ग निवडला की त्या वर्गातल्या जर्नलमधलेच पेपर येतात. बर्लिन व्याख्या जामामध्ये आली होती. व्हेंटिलेटरवर छोट्या टायडल व्हॉल्यूमचा (एका श्वासात दिलेल्या हवेचा) फायदा दाखवणारी २००० ची ट्रायल न्यू इंग्लंड जर्नलमध्ये. साळवी-बार्न्स लॅन्सेटमध्ये. म्हणजे वर्ग पकडून चाललात तर विषयातले मोठे मासे जाळ्याबाहेरच. विषयाने शोधा, जर्नलच्या वर्गाने नको.

सातवी पायरी: इम्पॅक्ट फॅक्टरचा ट्रेंड वाचताना

कुणीतरी विचारणारच, कुठल्या जर्नलचं वजन वाढलं, आणि ते वजन म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, जर्नलच्या लेखामागे सरासरी किती सायटेशन पडले तो आकडा. इथे एक उदाहरण असं आहे की ते कळलं की बाकी सगळं कळतं.

लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन हे २०१३ मध्ये सुरू झालेलं जर्नल. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर २०२० सालचा ३०.७, २०२१ चा १०२.६, २०२२ चा ७६.२ आणि २०२३ चा ३८.७. संपादक मंडळ एका वर्षात तिप्पट हुशार झालं आणि मग परत विसरलं, असं तर नसेल. सूत्र बघा. २०२१ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलच्या २०१९ आणि २०२० च्या मजकुराला २०२१ मध्ये मिळालेले सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले मूळ लेख आणि रिव्ह्यू. २०२० च्या सुरुवातीला याच जर्नलमध्ये वुहानच्या आयसीयूतल्या पेशंटवरचा पेपर आला, कोविडने गेलेल्या पेशंटच्या फुप्फुसाच्या पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, आणि जगभर सगळे तेच संदर्भ द्यायला लागले. २०२० सालच्या आकड्यात हे पेपर नाहीत, कारण त्याची खिडकी २०१८-१९ ची. २०२१ आणि २०२२ च्या आकड्यांत आहेत. २०२३ ची खिडकी २०२१-२२ ची, ते पेपर बाहेर पडले, आकडा खाली. एवढंच.

त्यातही एक गंमत आहे. उच्च रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांना कोविडचा धोका जास्त आहे का, असं विचारणारं एक छोटं पत्र याच जर्नलमध्ये २०२० मध्ये आलं आणि त्याला हजारो सायटेशन मिळाले. पत्रं छेदात धरत नाहीत पण त्यांना मिळालेले सायटेशन अंशात मोजले जातात. वर भर पडते, खाली काहीच वाढत नाही.

दोन-तीन तांत्रिक गोष्टी चटकन. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या यादीपासून इम्पॅक्ट फॅक्टर तीनऐवजी एकाच दशांशापर्यंत देतात, आणि वेब ऑफ सायन्सच्या इमर्जिंग सोर्सेस इंडेक्समधल्या जर्नलनाही तो मिळायला लागला, त्यामुळे "आमच्या जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर मिळाला" अशा बऱ्याच पोस्ट त्या वर्षी दिसल्या. स्कोपसचा साइटस्कोअर २०२० पासून चार वर्षांच्या खिडकीवर आहे, इम्पॅक्ट फॅक्टरशी त्याची तुलना करायची नाही. आणि जर्नलचा आकडा त्यातल्या एका पेपरला किंवा लेखकाला लावायचा नाही, २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात हे स्वच्छ लिहिलंय, आपल्याकडच्या बढतीच्या फॉर्मपर्यंत पोहोचायला त्याला अजून वेळ लागेल असं दिसतंय.

आठवी पायरी: कोविडचं काय करायचं

२०२० ते २०२२ हा डोंगर प्रत्येक श्वसनविकाराच्या आलेखात उभा असतो. काहीजण ती वर्षंच गाळतात, ते बरोबर नाही, त्याच वर्षांत दम्याचे, आयएलडीचे, क्षयाचे पेपरही लिहिले गेले किंवा लिहायचे राहिले, आणि तेच तर बघायचंय. दोन रेषा काढा. एक सगळ्यांची, दुसरी कोविड आणि सार्स-कोव्ह-२ हे शब्द "नॉट" लावून वगळलेली. दोन्हींमधली फट हीच माहिती. फक्त एक लक्षात ठेवा, "कोविडच्या साथीत सीओपीडी पेशंटची ओपीडी कशी चालली" असले पेपरही "नॉट"मुळे उडतात, म्हणून वगळलेल्यांतले शंभर उघडून बघा आणि किती उगाच गेले ते लिहा.

सायटेशनमध्ये तर कोविड वेगळाच ठेवावा लागतो. २०२० चे पेपर मिसळून काढलेला मीडियन कशाचाच धड नसतो.

रंगीत नकाशे

व्हॉसव्ह्यूअर. लायडन विद्यापीठातल्या दोघांनी बनवलेलं फुकट सॉफ्टवेअर, सगळ्यांना आवडतं कारण चित्र सुंदर येतं. पबमेडची फाइल दिलीत तर शब्दांचा आणि सहलेखकांचा नकाशा मिळतो, सायटेशनचा मिळत नाही कारण फाइलमध्ये ती माहितीच नसते. ओपनॲलेक्समधून डेटा घेतलात तर मिळतो. चालवण्याआधी समानार्थी शब्दांची फाइल करा, नाहीतर सीओपीडी आणि त्याचंच पूर्ण रूप दोन वेगळी वर्तुळं होऊन शेजारी बसतात. "ह्यूमन्स", "फीमेल", "ॲडल्ट" असले मेश शब्द काढून टाका, मधलं सगळ्यात मोठं वर्तुळ "ह्यूमन्स" असलेला नकाशा मी छापील पेपरात पाहिलाय. आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर बिब्लिओशायनी बघा, बरंचसं काम बटणांवर होतं. पेपरात एक नकाशा पुरे, तोही त्यातून सांगण्यासारखं काही निघत असेल तरच. दोन शब्द जवळ का आले याचं उत्तर चित्रात नसतं, पेपर उघडून वाचावे लागतात.

पाठवण्याआधी

यादीतले मागे घेतलेले पेपर तपासा. पबमेडवर रिट्रॅक्टेडची खूण असते, आणि रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ मध्ये क्रॉसरेफ या डीओआय देणाऱ्या संस्थेने घेऊन फुकट केलाय, डीओआय जुळवून बघता येतं. साथीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटमधला पेपर २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला, पण मागे घेतलेल्या पेपरांना नंतरही सायटेशन पडत राहतात. ते मोजणीत ठेवणार की काढणार ते लिहा.

मेथड्समध्ये पूर्ण सर्च स्ट्रिंग, शोधल्याची तारीख, डेटाबेस, वर्ष कुठलं धरलं, देश कसा मोजला, आणि त्या दोन चाचण्यांचे आकडे हवेत. एथिक्स कमिटीकडून माणसांवरचा अभ्यास नाही म्हणून सूट असल्याचं पत्र आधीच घेऊन ठेवा, बरीच जर्नल मागतात आणि सबमिशनच्या रात्री ते मिळत नाही.

रिव्ह्यू परत यायला सहा महिने लागले तर "सर्च अपडेट करा" अशी सूचना येतेच. तेव्हा जुनी फाइल पुसू नका, नवीन तारखेने दुसरी करा आणि आधीच्या वर्षांचे आकडे दोन्हींत जुळवून बघा. जुनी वर्षंही थोडी हललेली दिसतील, कारण जुन्या नोंदी मागाहून जोडल्या जातात. फरक एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर आधी स्ट्रिंगमध्ये कुठे स्पेस किंवा कंस बदललाय का ते बघा, बहुतेक वेळा तेच असतं.